फोटोची पाठ

हॅलो?

…हो, हार्बर्ट्सांचंच घर. बोला… अं? जरा मोठ्यानं बोला हं, हा फोन बाबांच्या वेळचा आहे, आणि माझ्या मांडीवर बाळ आहे. ते आपल्या दोघींपेक्षा मोठ्यानं बोलतंय.

…हाब्बो हार्बर्ट्स? नाही… ते नाहीत.

…नाही हो, बाहेर नाही गेलेत. बाबा गेले. ऑक्टोबरात.

…हो. एकोणऐंशी. …तुम्हाला कसं माहीत असणार? तुम्ही कशाला माफी मागता? मी त्यांची मुलगी, टोम्के. घर आवरायला आलेय. हा फोनही महिनाअखेर बंद होणार, तुम्हाला लागला हेच नवल. …येल्टो! तार तोंडात नाही घालायची, शी, शी आहे ती! …तुम्हाला नाही हो म्हटलं.

कोण म्हणालात? …डालविग. राइनहिल्ड डालविग. कासेलहून. …नाही, नाव नाही ऐकलेलं. …शिक्षिका होतात? वाटलंच. राग नका मानू, पण 'आता लक्ष देऊन ऐका' म्हणालात ना, तर मी आपोआप ताठ बसले.

…सह्यांचे फोटो? अच्छा, त्यासाठी फोन होय! मग डालविगबाई, तुम्हाला उशीर झाला. तीन वाजता फोल्टर्स येतायत ओल्डनबर्गहून. जुन्या वस्तूंचं दुकान आहे त्यांचं. सगळा संग्रह उचलून नेणार, ठरलंय आमचं. खोकं दारातच ठेवलंय. सहा आल्बम, दोनशे बारा चेहरे. कॉलर ताठ, मान ताठ, आणि खाली सही.

…तुम्ही गोळा नाही करत? मग?

…तुमचे वडील त्यात आहेत.

कप्तान डालविग. …असतील हो. मी खरं सांगू का? मी त्यांची नावं कधी वाचली नाहीत. मी तेरा वर्षांची असताना वर्गातली मैत्रीण घरी आली होती, तिनं आल्बम उघडला आणि मिटला. मग कोट घातला आणि गेली. चहा तसाच राहिला कपात. त्यानंतर मी घरी कुणाला बोलावलंच नाही. तुमच्या वडिलांबद्दल नाही म्हणत, माफ करा… पण ते सगळे जर्मन फौजेतले अधिकारी, ते दुसरं महायुद्ध, आणि आमचे बाबा रविवारी त्यांच्यावरची धूळ पुसत बसायचे. 'काय बघता हो या चेहऱ्यांत?' विचारलं की म्हणायचे, 'एखादा बोलेल.' मला वाटायचं, टिंगल करतायत माझी.

…नाही, नाही, बोला ना. बाळ आता शांत आहे, गाजर खातंय. म्हणजे माझ्या बाहीला पुसतंय.

…तुम्ही घर बदलताय. …वृद्धाश्रमात, एका खोलीत, म्हणून कपाटं रिकामी करताय. हो, मला कळतंय, मीही तेच करतेय. …वडिलांच्या कागदांत एक फाइल… त्यात बाबांचं पत्र? आमच्या बाबांचं? कधीचं?

…मार्च शहाऐंशी. मी जन्मलेही नव्हते. …वाचा ना. हो, वाचा, मला वेळ आहे. थांबा, याला खाली सतरंजीवर ठेवते… हं. वाचा.

…'माननीय कप्तानसाहेब'… हो, बाबाच ते. झाडूवाल्यालाही माननीय म्हणायचे.

…'सोबत आपला फोटो पाठवीत आहे, त्यावर सही करून द्यावी'… हं… 'परतीचं पाकीट तिकीट लावून जोडलं आहे'… 'आणि एक प्रश्न'…

काय?

…नाही, थांबा. परत वाचा. हळू.

…'आपल्या तुकडीत शिपाई विल्को हार्बर्ट्स नावाचा माणूस होता. फेब्रुवारी पंचेचाळीसपासून बेपत्ता. तो माझा बाप. त्याचं काय झालं, आपल्याला ठाऊक असल्यास एक ओळ लिहावी'…

आणि पुढे?

…'माझी पत्नी म्हणते, नुसता प्रश्न विचारला तर मोठी माणसं उत्तर देत नाहीत. सही मागितली तर पाकीट तरी परत येतं.'

…

नाही, आहे मी. आहे. …रडत नाहीये. म्हणजे… हो.

डालविगबाई, माझ्या आईचं वाक्य आहे ते. अगदी तिचंच. '…तर पाकीट तरी परत येतं.' आणि मी! मी काय काय बोलले असेन त्यांना! मागच्या वर्षी, याच्या वेळी सातवा महिना होता, तेव्हा याच नंबरवर फोन करून म्हटलं, 'ते चेहरे घरात असेपर्यंत माझं बाळ तुमच्याकडे येणार नाही.' तर बाबा म्हणाले, 'बरं.' एवढंच. 'बरं.' मग मला म्हणाले, मुलगा झाला तर विल्को नाव ठेवशील का? मी म्हटलं, हरवलेल्या माणसाचं नाव नको माझ्या मुलाला.

…हो, ते आजोबांचं नाव. आजी जाईपर्यंत त्यांचं ताट मांडायची वाढदिवसाला. मेलेल्याचं नाही मांडत हो, बेपत्ताचं मांडतात.

…म्हणजे दोनशे बारा जणांना त्यांनी हेच विचारलं असणार. आता कळलं! पाकीट आलं की बाबा ते उपडं करून झटकायचे. दोनदा. मला वाटायचं धूळ झटकतात. अहो, चिठ्ठी शोधत असायचे! आणि कुणीही… एकानंही… सही करायला वेळ होता सगळ्यांना.

…काय म्हणालात?

…तुमच्या वडिलांनी उत्तर दिलं होतं?

नाही बाई, शक्यच नाही. मिळालं असतं तर बाबा गावभर… ते पंपावर नोकरीला होते, बंधाऱ्यामागचं पाणी समुद्रात सोडायचे. त्यांनी बंधाऱ्यावरच्या सगळ्या मेंढ्यांना उठवून सांगितलं असतं. …नाही, तुमच्यावर अविश्वास नाही. …टाचणीनं कागद लावलाय? काय लिहिलंय त्यावर?

…'उत्तर फोटोच्या पाठीवर दिलं. चिठ्ठी हरवते. फोटो मात्र हा माणूस हरवणार नाही.'

…फोटोच्या पाठीवर.

अगंबाई.

…अहो, आईनं डकवले ते! खळीनं! बाबा पाळीवर असायचे, टपाल दुपारी यायचं. आई पाकीट उघडायची, फोटो सरळ आल्बममध्ये लावायची, पट्टी ठेवून, एक इंचही वाकडा नाही. आणि रिकामं पाकीट त्यांच्या ताटाशेजारी ठेवायची. त्यांना बरं वाटावं म्हणून. आयता लावलेला फोटो बघायला मिळावा म्हणून. …हो, तीही गेली. आठ वर्षं झाली. …नाही, तिच्यावर कशी रागावू? ती फार मन लावून चिकटवायची हो.

थांबा, फोन ठेवू नका. ठेवू नका हं! खोकं आणते. …येल्टो, आले राजा, इथंच आहे…

…हॅलो? आहात ना? हं. पहिला आल्बम… नाही… वर्षं लिहिलीत बाबांनी, शहाऐंशी म्हणजे दुसरा. …काय नाव म्हणालात? ऑटोमार. ऑटोमार डालविग… आहेत. आहेत! चष्मा लावलेले? डावा कान जरा बाहेर? …हो, तेच. खाली सही आहे, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढलंय.

…तुम्हीही तशीच सही करता? बघा.

नखानं नाही निघत. …ओढत नाही हो, वेडी आहे का मी? वाफ द्यावी लागेल. किटली आहेच गरम, फोल्टर्सना चहा द्यायचा म्हणून ठेवली होती. थांबा, ही तार चुलीपर्यंत पोचत नाही, मी किटलीच इकडे आणते… टेबलावर… बाळापासून लांब, हो, लांब ठेवलीय. रिसीव्हर खांद्यात धरलाय, आवाज खालीवर झाला तर सांगा.

…वाफ लागतेय. तुम्ही बोलत राहा.

…वाट बघत होते? कोण? तुमचे वडील? …कशाची? …बाबांच्या पत्राची. …कधीपर्यंत?

…शेवटपर्यंत.

त्यांना वाटलं, त्या शिपायाच्या मुलानं वाचलं आणि माफ केलं नाही. …आणि इकडे बाबांना वाटत राहिलं, हेही न बोलणारे निघाले. अरे देवा. दोन म्हातारे, मध्ये थोडी खळ.

…कोपरा सुटला! नाही, नाही, घाई नाही करत. लोण्याची सुरी आहे, बोथट. …पाठीवर काय लिहिलंय ते त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं नाही का? …बोलायचेच नाहीत. हो. आमच्याकडेही विषय निघाला की आजी उठून भांडी घासायला लागायची.

एक विचारू? रागावणार नाही ना? …माणूस कसे होते ते? तिथे… त्या वेळी?

…'मला माहीत नाही.'

…हं. फाइलीत इतरही कागद आहेत. …सगळेच चांगले नाहीत. …अभिलेखागारात देणार आहात, न वगळता. …नाही, बरं केलंत सांगितलंत. मी पुन्हा कधीतरी विचारेन ते. आज नाही. आज एवढंच.

सुटला!

सुटला, आख्खा सुटला! जरा पिवळा झालाय, पण… लिहिलंय. डालविगबाई, लिहिलंय हो! पेन्सिलनं, अख्खी पाठ भरून! शाई असती तर वाहून गेली असती.

…वाचते… नाही, वाचता येत नाही. हे जुन्या जर्मन वळणाचं अक्षर आहे. सगळीकडे 'एन'च 'एन' दिसतायत, कुंपणासारखे. …तुम्हाला येतं? अर्थात. …बरं, मी आकार सांगते, तुम्ही शब्द सांगा. …हो बाई. घाई नाही, डावीकडून उजवीकडे, हो बाई.

…दोन टोकं, जवळ जवळ. …तो 'ई'? आणि डोक्यावर चंद्रकोर असेल तर 'यू'. बरं. मग उभी काठी… 'एस'. …हं… 'तुमचे'… 'वडील'…

पुढचा मी वाचते! काठी आणि तिला शेपूट, हा शब्द मला येतो. या घरातल्या प्रत्येक कागदावर होता तो. 'बेपत्ता.' त्याच्यापुढे… चंद्रकोर नाही… दोन टोकं, मग 'एन'…

…काय?

…'नव्हते.'

'तुमचे वडील बेपत्ता नव्हते.'

…हो. हो, सांगते पुढे. बाळाला कडेवर घेते फक्त. …ये रे. आता तूही ऐक. …टोक, टोक, काठी… हं… 'त्यांना चिठ्ठी आली'… 'घरी मुलगा झाला'… आकडा आहे, तीन फेब्रुवारी. बाबांचा वाढदिवस. …'नाव हाब्बो'… हे मला वाचता आलं. बाबांचं नाव. तिथे, त्या चिठ्ठीत.

…'सगळ्यांना दाखवली'… 'मलाही'… 'आणि दुसऱ्या दिवशी ठाणं सोडून चालू लागले'… कुठे? …कुठे, बाई?

…'पश्चिमेला. घरी.'

चालत? पार पूर्वेच्या आघाडीवरून? अहो, नऊशे किलोमीटर! बर्फात! वेडाच होता की हा माणूस!

…हसतेय मी. रडतेय आणि हसतेय, तुम्ही लक्ष नका देऊ. …पुढे… 'तिसऱ्या दिवशी आमच्या माणसांना खाडीच्या बर्फावर सापडले'… 'थंडीनं गेले होते. गोळी नव्हती'… हं… 'किनाऱ्यावर तीन लिंडनच्या झाडांखाली पुरलं'… 'चिठ्ठी त्यांच्याजवळच राहू दिली'…

…नाही, थांबायचं नाही. खाली अजून चार ओळी आहेत. …काठी, काठी, चंद्रकोर…

'पळाला असं लिहिलं असतं, तर तुमच्या आईला त्रास झाला असता. तिचं निवृत्तिवेतन गेलं असतं. म्हणून मी बेपत्ता लिहिलं.' …हं. …'तो शब्द इतकी वर्षं दारात उभा राहील, असं तेव्हा वाटलं नाही.'

…आणि शेवटची ओळ? अगदी बारीक आहे. …'फोटोच्या पुढच्या बाजूवर सही करावी असं मी काही केलेलं नाही. ही सही या बाजूची समजावी.' आणि मग नाव. पुन्हा तेच शेपूट.

…

…डालविगबाई? तुम्ही आहात ना?

…घ्या, पाणी पिऊन घ्या. मी थांबते.

…मला एवढंच कळत नाही की त्यांच्याशी भांडू की काय करू. एका शब्दानं आजीचं घर चाललं, त्याच शब्दानं बाबा आयुष्यभर पाकिटं झटकत राहिले. …नाही. भांडत नाही. आभारच मानते. पेन्सिल घेऊन बसले ना ते? चौऱ्याहत्तर वर्षांचे होते म्हणता, तरी एकेक टोक काढलंय. दोनशे बारांपैकी एक बोलला, बाई. बाबा म्हणायचे तसं.

आणि आभार तुमचेही. …नाही कसं? फाइल टाकून देता आली असती की. कोण बघत होतं? पंच्याऐंशीव्या वर्षी अनोळखी घरी फोन लावायचा आणि 'लक्ष देऊन ऐका' म्हणायचं, सोपं का आहे? अर्ध्या तासाचा उशीर झाला असता तर हा फोटो फोल्टर्सांच्या गाडीत असता, आणि पाठ तशीच चिकटलेली.

…फोटो तुम्हालाच देते ना. तुमचे वडील आहेत. …तुमच्याकडे आहेत त्यांचे? पण पाठ… हो, पाठ माझी. मग असं करू, मीच घेऊन येते कासेलला. पुढची बाजू तुम्ही बघा, मागची मी बघते. याला घेऊन येते, आगगाडीत झोपतो तो चांगला. तुमच्या त्या एका खोलीत खुर्च्या दोन आहेत ना? झालं तर. चहा मी आणते आमच्याकडचा, खडीसाखर आणि साय घालून. तीन कप घ्यावेच लागतात, कपात चमचा आडवा ठेवेपर्यंत मी ओतत राहणार, आधीच सांगते.

…याचं नाव? येल्टो. …नाही, आता नाही बदलता येणार, आता तो त्या नावाला वळून बघतो. पण मोठा झाला की सांगेन त्याला. तुझा पणजोबा हरवला नव्हता. तो घरी यायला निघाला होता.

…

…काय म्हणालात?

…'तू'? मी? तुम्हाला? …नाही हो, तुम्ही एवढ्या मोठ्या… हो, मोठ्यांनीच आधी म्हणायचं असतं, मान्य आहे, आणि तुम्ही म्हणालात. पण जीभ वळायला हवी ना! …बरं. …राइनहिल्ड.

…हसू नका.

…हसू नकोस! बघ, आलं. …मी टोम्के. तुला माहीतच आहे.

…अगं थांब, बेल वाजली. फोल्टर्स आले. ठेवू नकोस, अजिबात ठेवू नकोस! …या फोल्टर्स, दार उघडंच आहे! …नाही, खोकं नाही नेता येणार आज. …नाही, किमतीचं नाही हो. मला दोनशे अकरा फोटो उलटे करून बघायचेत. कुणी सांगावं, दुसऱ्या कुणाच्या घरचं काही असेल. …बसा ना. चहा… किटली ही इथेय, आणि पाणी सगळं वाफ होऊन गेलं. पुन्हा ठेवते. बाळ घेता का जरा? …घ्या हो, चावत नाही, दात दोनच आहेत.

…हॅलो? हो, हो… आहे. …अगं ऐक ना, एक राहिलंच. सहीच्या खाली, कोपऱ्यात, चार सुटी अक्षरं आहेत. मला वाटलं खळीचे डाग. पहिल्यावर चंद्रकोर. मग एक मोठं 'ए', मग टिंब… शेवटी 'जी'. आमंत्रणपत्रिकेवर छापतात तसं काहीतरी.

…हां. तेच. 'कृपया उत्तर द्यावे.'

…

…हो गं. एकोणचाळीस वर्षं उशीर झालाय. पण मागितलंय तर द्यायला हवं.

तू रविवारी त्यांच्या थडग्यावर जातेस, म्हणालीस ना मघाशी? …फुलं नेशील ती ने. माझ्याकडून एवढंच सांग. …नाही, फार काही नाही, लिहून घ्यायला नको. एकच शब्द.

पोचलं.

…हो. हाब्बो हार्बर्ट्सच्या घरी. पोचलं म्हणून सांग. …ठेवते आता. …तू ठेव आधी. …नाही, तू. …बरं, मी ठेवते.